धान्याच्या पैशावर उभं राहिलेलं गाव : पोलंडमधल्या काझिमिएश दोल्नीची पार्श्वभूमी

वॉर्सॉपासून आग्नेयेला सुमारे 140 किलोमीटरवर, व्हिस्तुला नदीच्या उजव्या काठी काझिमिएश दोल्नी आहे. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला शहर म्हणायला कोणी धजणार नाही. पोलंडमध्ये मात्र नगराचा दर्जा नुसती डोकी मोजून ठरत आलेला नाही. तो सनदेनं मिळायचा आणि राज्यकर्त्यांची मर्जी फिरली की हुकमानं जायचाही. काझिमिएशच्या वाट्याला दोन्ही आलं.

शनिवार-रविवारी वॉर्सॉ आणि लुब्लिनहून इतकी माणसं येतात की चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. चित्रकारांचं गाव, पांढऱ्या दगडाचं गाव, कोंबड्याच्या आकाराच्या पावाचं गाव अशी त्याची ओळख पर्यटनाच्या पत्रकांत करून दिलेली असते. त्यात खोटं काही नाही. पण एवढ्याशा गावात सरदारांच्या वाड्यालाही मागे टाकील अशी नक्षी असलेली व्यापाऱ्यांची घरं कशी आली, नदीकाठी एवढी मोठी दगडी कोठारं कशासाठी बांधली गेली, आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, जागेवर असताना तिथे नित्याची प्रार्थना करणारं कुणी गावात का राहत नाही, हे प्रश्न त्या ओळखीनं सुटत नाहीत. पोलंडच्या पाचशे वर्षांच्या इतिहासातल्या जवळपास सगळ्या मोठ्या घडामोडी या एका गावात हाताला लागतात, म्हणून त्याची पार्श्वभूमी सविस्तर सांगावीशी वाटते.

आधी जमीन पाहू. दक्षिणेकडून येणारी व्हिस्तुला इथे पठार कापत अरुंद खोऱ्यातून वाहते आणि काझिमिएश ओलांडल्यावर पुढे पुवावीजवळ सपाटीवर मोकळी होते. दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर लोएसचा, म्हणजे हिमयुगात वाऱ्यानं आणून टाकलेल्या बारीक पिवळसर मातीचा जाड थर आहे. ही माती गव्हाला फार मानवते. पाण्यापुढे मात्र तिचा टिकाव लागत नाही. पावसाच्या लोंढ्यांनी आणि गाडीवाटांनी ती चिरत गेली आणि गावाभोवती घळींचं जाळं तयार झालं; युरोपातल्या सर्वांत दाट जाळ्यांत त्याची गणना होते. कोझेन्योवी दूव ही त्यातली प्रसिद्ध घळ. मुळात ती शेताकडे जाणारी वाट. चाकांनी माती मोकळी करायची, पावसानं ती वाहून न्यायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं आणि वाट माणसाच्या डोक्याच्या कितीतरी खाली गेली. आता दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींतून झाडांची मुळं उघडी लोंबतात. लोएसच्या खाली ओपोका नावाचा पांढरट, चुनखडीच्या जातीचा दगड आहे. कापायला सोपा आणि गावालगतच्या खाणीतून निघणारा. किल्ला, कोठारं, चर्च, घरांच्या भिंती, अगदी विसाव्या शतकातले बंगलेसुद्धा याच दगडाचे आहेत. गावाला एकजिनसी रूप येतं ते त्यामुळे.

इथल्या जुन्या वस्तीचं नाव वेगळं होतं. बाराव्या शतकात काझिमिएश या नावाच्या राजपुत्रानं, म्हणजे इतिहासात ‘न्यायी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काझिमिएशनं, ती क्राकुवजवळच्या झ्विएझिनिएत्स मठातल्या नॉर्बर्टाइन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींना दान दिली आणि त्यांनी दात्याचं नाव वस्तीला दिलं. ‘दोल्नी’ म्हणजे खालचं. याच नदीवर वरच्या अंगाला, क्राकुवला लागून आणखी एक काझिमिएश आहे. दोन्हींत गोंधळ नको म्हणून हे पुढे जोडलं गेलं. पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत मात्र चौदाव्या शतकातला राजा तिसरा काझिमिएश, ‘महान’ काझिमिएश, हाच गावाचा जनक असतो. त्याचं श्रेय खरोखर मोठं आहे. टेकडीवरचा किल्ला त्याच्या काळातला, आणि नगराचे हक्कही त्याच्याच काळात मिळाले. पण किल्ल्याच्याही वर जो गोल बुरूज एकटा उभा आहे तो त्याच्या आधीचा, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधिकालातला. सुमारे 20 मीटर उंच, भिंती कमालीच्या जाड, आणि शत्रूला सहज शिरता येऊ नये म्हणून दार जमिनीपासून बरंच वर. तिथून नदीचा लांबवर पट्टा दिसतो. नदीवर नजर ठेवणं हेच या जागेचं पहिलं काम होतं. 1406 मध्ये राजा यागिएवोनं गावाची आखणी नव्यानं करून दिली. आज दिसणारा चौक आणि त्याभोवतीचे रस्ते त्या आखणीवर बेतलेले आहेत.

गावाचं नशीब फिरलं ते मात्र इथून शेकडो किलोमीटरवर झालेल्या एका तहानं. ट्यूटॉनिक सरदारांच्या पंथाशी, म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावर राज्य करणाऱ्या जर्मन ख्रिस्ती लढवय्यांच्या संघटनेशी, तेरा वर्षं लढून पोलंडनं 1466 मध्ये तोरुन्यचा दुसरा तह केला आणि व्हिस्तुलाचं मुख, ग्दान्स्क बंदरासह, पोलंडच्या राजाच्या छत्राखाली आलं. नदीतून समुद्रापर्यंत जाणारा मार्ग एका सत्तेखाली मोकळा झाला. त्याच सुमाराला पश्चिम युरोपात लोकसंख्या वाढत होती, नेदरलँड्समधली शहरं फुगत होती, धान्याचे भाव चढत होते. डच जहाजं ग्दान्स्कला येऊन राय (गव्हासारखं थंड प्रदेशातलं धान्य) आणि गहू भरून नेऊ लागली. 1618 या विक्रमी वर्षी ग्दान्स्कमधून एक लाखाहून जास्त लाश्त धान्य बाहेर गेलं. लाश्त हे तिथलं माप, साधारण दोन टनांचं. म्हणजे दोन लाख टनांच्या वर. रेल्वे नाही, वाफेचं इंजिन नाही, अशा काळात एवढं धान्य एका नदीनं समुद्रापर्यंत पोचवलं.

हे काम चालायचं कसं, तेही सांगायला हवं, कारण गावाची रचना त्याच्याशी बांधलेली आहे. मळणी झालेलं धान्य आसपासच्या जहागिऱ्यांतून गाड्यांवरून आणि हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाड्यांवरून काझिमिएशला यायचं. नदी गोठलेली असल्यामुळे ते महिनोन्‌महिने साठवून ठेवायचं. ओल धरली की संपलं, म्हणून वारंवार हलवायचं, वाळवायचं. त्यासाठी ही दगडी कोठारं, ज्यांना पोलिश माणूस ‘स्पिख्लेश’ म्हणतो. गावाच्या दोन्ही बाजूंना नदीलगतच्या क्राकोव्स्का आणि पुवाव्स्का या रस्त्यांवर ती ओळीनं उभी राहिली. लांबट आकार, जाड भिंती, हवेपुरत्या लहान खिडक्या, उतरतं उंच छप्पर. आणि एवढ्या कामापुरत्या इमारतीच्या दर्शनी तिकोनी भिंतीवर मात्र वळणावळणाची देखणी सजावट! नदीतून जाणाऱ्याला मालकाची ऐपत दिसावी, हा त्यामागचा हिशोब असणार. वैभवाच्या काळात अशी डझनावारी कोठारं होती, आता थोडी उरली आहेत. 1591 मधल्या एका कोठारात निसर्गविषयक संग्रहालय आहे, काहींची वसतिगृहं आणि हॉटेलं झाली आहेत.

वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की माल निघायचा. मोठ्या सपाट तळाच्या नावेला श्कुता म्हणत. तिच्यात 60 ते 100 टन माल मावायचा आणि वल्ह्यांवर वीसेक माणसं असायची. लाकडाचे तराफे वेगळे. ते ग्दान्स्कला पोचले की सरपणाच्या आणि इमारती लाकडाच्या भावात विकून टाकायचे आणि नावाड्यांनी पायी परतायचं. या नावाड्यांना, फ्लिसाकांना, नदीतले भोवरे आणि दर पुरानंतर जागा बदलणारी वाळूची बेटं पाठ असायची. त्यांच्या ज्ञानावर सगळा व्यापार तरंगत होता. परतीच्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढत आणाव्या लागत. त्यातून मीठ, खारवलेले हेरिंग मासे, कापड, वाइन येई.

नफा कोणाकोणाला व्हायचा? पोलंडच्या सरदारवर्गाला स्वतःच्या जमिनीतला माल जकातीशिवाय नेण्याची मुभा 1496 च्या पियोत्र्कुव कायद्यानं मिळाली होती. मोठे सरदार थेट ग्दान्स्कशी व्यवहार करत. ज्यांच्याकडे स्वतःची नाव नाही असे लहान जमीनदार काझिमिएशच्या व्यापाऱ्यांना माल देत, आणि खरेदी, साठवण, वाहतूक या साखळीत हे व्यापारी गबर झाले. राजाच्या वतीनं गावाचा कारभार सोळाव्या शतकापासून फिर्लेय घराण्याकडे होता. शतकाहून जास्त काळ ते इथे टिकले. किल्ल्याला नव्या धर्तीची सजावट त्यांनी केली आणि नदीपल्याड यानोवियेत्सला स्वतःचा प्रचंड गढीवजा वाडा उभारला.

आणि ज्यानं धान्य पिकवलं त्याला? त्याच 1496 च्या कायद्यानं कुळांना गाव सोडण्यावर कडक बंधनं घातली. 1520 मध्ये आठवड्यातून किमान एक दिवस मालकाच्या शेतात फुकट राबणं सक्तीचं झालं. पुढे कित्येक जहागिऱ्यांत तीन दिवस, चार दिवस झाले. पश्चिम युरोपात वेठ सैल होत असताना पूर्वेकडे ती आवळत गेली. ॲम्स्टरडॅमच्या बाजारातला भाव जितका चांगला, तितकी इथली वेठबिगारी घट्ट. काझिमिएशच्या देखण्या घरांबद्दल लिहिताना ही बाजू बहुतेक जण गाळतात. मला ती गाळणं अन्यायाचं वाटतं, कारण चौकातल्या प्रत्येक कोरीव खांबामागे कुणाचे तरी असे सक्तीचे दिवस आहेत.

आता ती घरं. चौकाच्या एका बाजूला प्शिबिवा बंधूंची जोडघरं आहेत, 1615 च्या सुमाराची. मिकोवाय आणि क्झिश्तोफ हे दोघे धान्याचे व्यापारी. खाली कमानींची ओसरी, जिथे बाजाराच्या दिवशी माल मांडता येई. वर खिडक्यांच्या भोवती, मधल्या खांबांवर, पट्ट्यांवर तळहाताएवढीही जागा कोरी सोडलेली नाही. मिकोवायच्या घरावर त्याच्या नावाचा संत, म्हणजे संत निकोलस. क्झिश्तोफच्या घरावर संत ख्रिस्तोफर, जवळजवळ दोन मजल्यांएवढा. बाल येशूला खांद्यावर घेऊन तो पाण्यातून चालला आहे, हातात काठीऐवजी अख्खं झाड. निकोलस हा दर्यावर्दी आणि व्यापारी लोकांचा रक्षक, ख्रिस्तोफर नदी पार करणाऱ्यांचा आणि प्रवाशांचा. दोघा भावांची नावं त्यांच्या धंद्याला इतकी साजेशी असावीत हा योगायोग त्यांनी पुरेपूर वापरला. छपरापुढे उंच नक्षीदार भिंत उभी आहे, तिला आत्तिका म्हणतात. पोलंडमधल्या त्या काळच्या बांधकामाची ही खूणच. शोभा तर तिची होतीच, शिवाय शेजारच्या घराला आग लागली तर ठिणग्या लाकडी छपरावर सहज येऊ नयेत हाही उपयोग. ज्या गावानं 1561 आणि 1585 मध्ये मोठ्या आगी सोसल्या होत्या, त्या गावात ही भिंत चैनीची गोष्ट नव्हती.

थोड्या अंतरावर बार्त्वोमिएय त्सेलेय या व्यापाऱ्याचं घर आहे, 1635 च्या आसपासचं. त्याची आत्तिका तर घराच्या मानानं अवाढव्य. तिच्यात ख्रिस्त, मेरी आणि संतांच्या मूर्ती, आणि त्यांच्या सोबतीला पंखवाले विचित्र प्राणी. आज तिथे व्हिस्तुला परिसराचं संग्रहालय आहे. पॅरिश चर्चचं काम 1610 ते 1613 दरम्यान याकुब बालिन या इटालियन वंशाच्या गवंड्यानं पुरं केलं. छताच्या आतल्या बाजूला चुन्याच्या गिलाव्यानं काढलेल्या उठावदार रेघांची वर्तुळं, तारे, बदाम दिसतात. इटलीतून आलेल्या कारागिरांनी इथल्या गॉथिक सांगाड्यावर स्वतःची नक्षी बसवली, त्या घडणीला ‘लुब्लिन रेनेसाँ’ म्हणतात आणि हे चर्च त्याचा अस्सल नमुना मानलं जातं. आतला ऑर्गन 1620 च्या सुमाराचा, शिमोन लिलिउशनं बांधलेला. पोलंडमधल्या सर्वांत जुन्या, अजून वाजणाऱ्या ऑर्गनांपैकी तो एक आहे, आणि मैफलींसाठी लोक मुद्दाम येतात.

हे वैभव पुरती दोन शतकंही टिकलं नाही. 1655 मध्ये स्वीडननं पोलंडवर स्वारी केली. पोलिश लोक त्या आपत्तीला ‘महापूर’ म्हणतात. 1656 मध्ये राजा दहावा कार्ल गुस्ताफ याच्या फौजेनं काझिमिएश जाळलं, लुटलं. पाठोपाठ साथी आल्या. 1677 मध्ये राजा यान सोबिएस्कीनं आर्मेनियन, ग्रीक आणि ज्यू व्यापाऱ्यांना इथे वसायला सवलती दिल्या त्या गाव पुन्हा भरावं म्हणूनच. 1708 मध्ये प्लेगनं पुन्हा माणसं नेली. गावाच्या डोक्यावरच्या टेकडीवर तीन लाकडी क्रूस त्या साथीच्या स्मरणार्थ आहेत आणि गावाचं सर्वांत जास्त वेळा काढलेलं छायाचित्र तिथूनच घेतलेलं असतं.

शेवटचा घाव राजकारणानं घातला. 1772 मध्ये शेजारच्या सत्तांनी केलेल्या पोलंडच्या पहिल्या फाळणीत प्रशिया या जर्मन राज्यानं व्हिस्तुलाच्या खालच्या टप्प्यावरचा प्रदेश घेतला आणि नदीतून जाणाऱ्या पोलिश मालावर जबर जकात बसवली. ज्या वाटेनं पैसा यायचा तीच परक्याच्या हाती गेली. 1793 मध्ये ग्दान्स्कही गेलं. 1795 मध्ये पोलंड नकाशावरूनच पुसलं गेलं. काझिमिएश ऑस्ट्रियाकडे, 1809 मध्ये नेपोलियननं उभ्या केलेल्या वॉर्सॉ संस्थानाकडे, 1815 नंतर रशियाच्या झारकडे. कोठारं रिकामी पडली. रशियाविरुद्धच्या 1863 च्या पोलिश उठावानंतर झारच्या सरकारनं पोलंडमधल्या शेकडो लहान नगरांचा दर्जा काढून घेतला, त्यात 1869 मध्ये काझिमिएशही कागदोपत्री खेडं झालं. हा दर्जा परत मिळायला 1927 उजाडलं. मधल्या काळात 1877 मध्ये वॉर्सॉ-लुब्लिन रेल्वे सुरू झाली ती पुवावीवरून; काझिमिएशला ती आली नाही, आजही स्टेशन नाही. कारखाने आले नाहीत, जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडे पैसा नव्हता. काझिमिएशचं जुनेपण टिकलं याचं श्रेय दूरदृष्टीला देण्याचा मोह होतो. माझ्या मते ते दीडशे वर्षांच्या गरिबीला द्यायला हवं.

या गरिबीच्या काळात गाव चालतं ठेवलं ते मुख्यतः ज्यू रहिवाशांनी. त्यांच्या यिडिश बोलीत गावाचं नाव कुझमिर. चौकाच्या मागे लहान चौक आहे, तिथे सिनेगॉग, खाटकांच्या लाकडी गाळ्यांची इमारत, शिंपी, चांभार, किरकोळ दुकानदार. गाळ्यांची ती इमारत अजून उभी आहे. ज्यूंची वस्ती मध्ययुगापासूनची, आणि तिच्याभोवती एस्तेरकाची दंतकथा गुंफलेली. महान काझिमिएश राजाची ज्यू प्रेयसी जवळच्या बोखोत्नित्सात राहायची आणि राजा किल्ल्यातून भुयारानं तिच्याकडे जायचा, असं सांगतात. यान द्वुगोश या इतिहासकारानं तिचा उल्लेख केला तो राजाच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी, तेव्हा खरंखोटं करणं कठीण. पण एकच गोष्ट ख्रिस्ती आणि ज्यू दोन्ही घरांत शतकानुशतकं सांगितली गेली, प्रत्येकानं आपापला अर्थ लावून, हे शेजाराविषयी बरंच काही सांगतं.

एकोणिसाव्या शतकात कुझमिरचं नाव हसिदी या ज्यूंच्या भक्तिमार्गी पंथात संगीतासाठी गाजलं. लुब्लिनच्या प्रसिद्ध ‘द्रष्ट्या’ रब्बीचे शिष्य येखेज्केल ताउब इथे गादी चालवत; 1856 मध्ये ते वारले. शब्दांवाचून गायच्या भक्तिसुरावटींना, निगुनांना, त्यांच्याकडे फार महत्त्व. नवी चाल ऐकल्याशिवाय शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आनंद पुरा होत नाही, असं ते म्हणत असल्याची आठवण पंथात जपली आहे. त्यांच्याच वंशातून मोद्झित्सची परंपरा निघाली, जी आजही इस्रायल आणि अमेरिकेत मुख्यतः सुरावटींसाठी ओळखली जाते. काझिमिएशच्या चौकात याची पाटी शोधावी लागते, पण धान्यानंतर या गावानं जगाला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट माझ्या लेखी हीच.

पडझडीला आलेलं गाव चित्रकारांना आवडतं. रिकाम्या कोठारांत उन्हाळी पाहुणे उतरू लागले आणि त्यांच्या पाठोपाठ रंगपेट्या आल्या. 1920 च्या दशकात वॉर्सॉच्या ललित कला विद्यालयातले प्राध्यापक तादेउश प्रुश्कोव्स्की दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन यायचे. त्यांच्या शिष्यांनी 1925 मध्ये इथेच ‘संत लूक बंधुमंडळ’ स्थापन केलं. ज्यू चित्रकारही मोठ्या संख्येनं येत. लहान चौक, सिनेगॉगची पायरी, बाजाराचा दिवस हे त्यांचे विषय. 1936 मध्ये मॉली पिकन या अमेरिकन अभिनेत्रीच्या यिडिश बोलपटाचं चित्रण गावात झालं. त्यातल्या लग्नाच्या प्रसंगासाठी गावकऱ्यांनाच पाहुणे म्हणून बसवलं होतं. आज ती दृश्यं पाहताना कथेपेक्षा नजर त्या चेहऱ्यांवर जाते.

कारण तेव्हा गावात निम्म्याच्या आसपास वस्ती ज्यूंची होती. सप्टेंबर 1939 मध्ये जर्मन आले. 1940 मध्ये ज्यूंना लहान चौकाभोवतीच्या काही गल्ल्यांत कोंडलं गेलं. टेकडीवरचा फ्रान्सिस्कन मठ गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, घेतला आणि त्याच्या आवाराच्या फरसबंदीसाठी ज्यू दफनभूमीतले थडग्यांचे दगड उपटून आणले. ते उचलायचं काम ज्यूंकडूनच करून घेतलं. मार्च 1942 मध्ये उरलेल्या सगळ्यांना ओपोले लुबेल्स्किएला हलवलं आणि तिथून पुढे बेव्झेत्ससारख्या मृत्यूछावण्यांत. काझिमिएशच्या ख्रिस्ती रहिवाशांनीही अटका आणि गोळीबार सोसले. प्रुश्कोव्स्कींना त्याच वर्षी जर्मनांनी वॉर्सॉत मारलं. पण ज्यू कुझमिर एका महिन्यात संपलं आणि पुन्हा कधी वसलं नाही.

युद्धानंतर गावाला रूप दिलं ते कारोल शिचिन्स्की या वास्तुशिल्पीनं. दोन युद्धांच्या मधल्या काळापासूनच ते इथे काम करत होते. ओपोका दगड, लाकडी सज्जे, तुटक उताराची कौलारू आणि फळ्यांची छपरं वापरून त्यांनी पडलेली घरं उभी केली, नवी घरं जुन्यांच्या शेजारी शोभतील अशी बांधली. म्हणजे आपण ‘जुनं’ म्हणून पाहतो त्यातला मोठा भाग विसाव्या शतकात विचारपूर्वक पुन्हा घडवलेला आहे. चौकातली लाकडी छपराची विहीर तर 1913 मधली, यान कोश्चित्स-वित्किएविच यांच्या आराखड्याची. याला कुणी नाटकी म्हणेल. मी म्हणणार नाही. सिमेंटच्या ठोकळ्यांचा तो काळ होता आणि एका माणसानं हट्टानं स्थानिक दगड आणि स्थानिक गवंडी धरून ठेवले.

अठराव्या शतकातलं सिनेगॉग युद्धात उद्ध्वस्त झालं होतं. 1953 मध्ये ते बाहेरून जसंच्या तसं उभं केलं गेलं आणि आत सिनेमागृह थाटलं गेलं. प्रार्थनेला माणसं नव्हती हे खरं, पण पुढची कित्येक दशकं तिथे चित्रपटाची तिकिटं विकली गेली हे वाचताना मन खट्टू होतं. साम्यवादी राजवट गेल्यावर इमारत ज्यू समाजाकडे परत आली आणि आता तिथे प्रदर्शन आहे. थडग्यांच्या दगडांचं काम जास्त नेटानं झालं. मठाच्या आवारातून आणि इतर ठिकाणांहून शेकडो दगड आणि तुकडे गोळा करून 1984 मध्ये गावाबाहेर चेर्नियावीच्या दफनभूमीजवळ वास्तुशिल्पी तादेउश आउगुस्तिनेक यांनी त्यांची एक उंच भिंत रचली. भिंतीला वरपासून खालपर्यंत वेडीवाकडी भेग ठेवली आहे, इतकी रुंद की माणूस पलीकडे जाऊ शकतो. जवळ गेलं की दगडांवर मेणबत्त्या, सिंह, पक्षी, आशीर्वाद देणारे दोन पंजे असं कोरीव काम ओळखू येतं. पोलंडमध्ये अशी स्मारकं आणखी आहेत, पण रचनेचा एवढा नेमका विचार फार थोड्या ठिकाणी दिसतो.

1979 मध्ये गावाभोवतीच्या टेकड्या आणि घळी संरक्षित भूदृश्य म्हणून जाहीर झाल्या, आणि 1994 मध्ये पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांनी ‘इतिहासस्मारक’ ठरवलेल्या पहिल्याच यादीत काझिमिएश आलं. संरक्षणाचे नियम कडक आहेत. पण नियम इमारतींना लागू होतात, तिथे राहणाऱ्यांना नाही. चौकाच्या आसपासची घरं एकामागून एक पाहुण्यांसाठीच्या खोल्या आणि उपाहारगृहं होत गेली. गावात तयार होणारा खमंग, गोडसर कोंबडा-पाव प्रत्येक जण हातात घेऊन फिरतो. सैतानानं गावातले सगळे कोंबडे खाल्ले आणि एक तेवढा हुशारीनं वाचला, अशी त्यामागची गोष्ट आहे. लहान मुलांना ती फार आवडते.

या सगळ्या वर्दळीत मला एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. 1967 पासून दर वर्षी जूनच्या अखेरीस इथे लोकवाद्यमेळे आणि लोकगायकांचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. देशभरच्या खेड्यांतून म्हातारी माणसं व्हायोलिन, डफ, बासवाद्य घेऊन प्शिबिवा बंधूंच्या घरांसमोरच्या चौकात येतात. ज्यांच्या पूर्वजांनी आठवड्याचे चार-चार दिवस जमीनदाराच्या शेतात काढले, त्या खेड्यांची गाणी आहेत ही: कापणीची, लग्नाची, मृतासाठी गायची. मंचावर साफसूफ केलेलं, शहरी चालीवर बसवलेलं गाणं परीक्षकांना चालत नाही. आजीकडून जसं आलं तसं गायला हवं. एकल गायक, गानमेळे, वादकमेळे असे विभाग आहेत, आणि त्याखेरीज ‘थोर-लहान’ नावाचा एक विभाग आहे, ज्यात जुना कलावंत आणि त्यानं शिकवलेली मुलं एकत्र मंचावर येतात.